तीनशे बारा वेळा परत आलेली लेक

कपाच्या कानाला बारीक तडा गेलाय, अंगठ्याच्या पेराला लागतोय... आणि समोर लेक बसली आहे, चार वर्षांनी. चहा घे, एवढंसुद्धा त्याला धड म्हणता येत नव्हतं. मघाशी दारातच त्याने माती खाल्ली होती. बेल वाजली, दार उघडलं, आणि 'आलीस?' — दोन मोजेपर्यंत थांबून, आवाज शेवटी खाली सोडून, थेट तिसऱ्या अंकातलं 'आलीस?'. तीनशे बारा प्रयोगांत नाटकातली मुलगी याच शब्दावर त्याच्या छातीवर कोसळली आहे आणि अंधारात बसलेल्यांनी नाकं शिंकरली आहेत — स्वतःच्या पोरीचा फोन न उचलणारे बापसुद्धा, साले, रुमाल भिजवून घरी जातात. तो हात किंचित पसरून थांबला. खरंच थांबला, तिच्या वाक्यासाठी.

'बाबा, दारातून सरका ना,' ती म्हणाली होती. 'पिशवी जड आहे.'

आता ती सांगत होती — नोकरी, दूरचा देश, परवा निघायचं, परत कधी ते ठाऊक नाही. जाऊ नकोस म्हणावं... पण ते नाटकात आहे. 'चुकलं माझं' — तेही आहे, दुसऱ्या अंकाच्या शेवटी, गुडघ्यांवर बसून. त्या लेखकाने बापाच्या तोंडी काही म्हणजे काही शिल्लक ठेवलेलं नाही. आणि मी ते गावोगाव ओकत हिंडलो, रविवारी दोन-दोन खेळ, आणि ही आई नसलेली पोर घरात एकटी, आतून कडी लावून, जिन्यात माझी चप्पल वाजायची वाट बघत...

'तुम्ही कुणाकडे बघताय?'

तो दचकला. खुर्ची त्याने नकळत तिरकी घेतली होती, तोंड खिडकीकडे. प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही — चाळीस वर्षांची खोड. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीचा रिकामा जिना.

'मी इथे आहे, बाबा. तिथे कुणी तिकीट काढून बसलेलं नाही.'

आणि हसली. नाटकातली कधी हसत नाही, तिच्या वाट्याला नुसतं रडणं लिहिलंय.

त्याने खुर्ची फिरवली. पाय फरशीवर करकरले. किती जवळ होती ती. कानाशेजारी दोन पांढरे केस — हे कधी आले? त्याने तोंड उघडलं, तर आत एक शब्द नव्हता. वाक्य विसरण्याच्या याच क्षणाला तो उभा जन्म टरकत आला होता. आज तो क्षण आला, आणि भीती काही आली नाही. लेक बोलायची थांबली होती. तो तिच्याकडे बघत राहिला, आणि पुढचं वाक्य कुणाचं आहे हे त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं.