ई फोर आला की

थोरल्याला यंत्रांतलं कळतं, हा त्या घरातला फार जुना गैरसमज होता. शाळेत असताना त्याने बंद पडलेला रेडिओ उघडला, आतली धूळ फुंकली आणि तो योगायोगाने वाजला. तेव्हापासून आईच्या लेखी तो इंजिनियर झाला. पुढे तो विमा कंपनीत लागला, दूरच्या शहरात त्याने बिऱ्हाड थाटलं, यंत्रांशी त्याचा संबंध मोबाईलपुरता उरला, तरी आईच्या मतात तसूभर फरक पडला नाही. तो रेडिओ पुढच्याच आठवड्यात कायमचा मुका झाला होता, हे फक्त धाकटीला आठवत होतं आणि तिला कोणी विचारत नव्हतं.

आईच्या खोलीतला एसी थोरल्यानेच घेऊन दिलेला. गेल्या उन्हाळ्यात आईला घेरी आली, डॉक्टरांनी खोली थंड ठेवायला सांगितलं, तेव्हा हा धावत आला. भिंतीवर एक युनिट, बाल्कनीत दुसरं, सगळं आपल्या देखरेखीखाली बसवून घेतलं. देखरेख म्हणजे खुर्चीवर बसून मेकॅनिकला "लेव्हल बघा, लेव्हल बघा" असं सांगणं. जाताना त्याने रिमोट कपाटात ठेवून दिला.

"याची गरजच नाही," तो म्हणाला. "वायफायला जोडलाय. मी तिकडून बघेन."

आणि तो खरोखरच तिकडून बघू लागला. आईने पांघरूण किती घेतलंय हे न बघता मीटिंगमध्ये बसल्या बसल्या तो तिच्या खोलीची हवा ठरवायचा. उंटावरून शेळ्या हाकण्याची इतकी सोपी सोय याआधी कोणाला मिळाली नसेल. आई स्वेटर घालून कुडकुडत बसायची.

"बंद करू का?" धाकटी कपाटाकडे जात विचारायची.

"नको गं. त्याने लावलाय."

धाकटी त्याच घरात राहायची. आईची औषधं, आंघोळीचं पाणी, नखं काढणं, चष्मा शोधणं हे सगळं तिच्याकडे. शिवाय सकाळपासून संध्याकाळपर्यंत दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीवर बसायचं. तिथे माणसं काचेच्या गोल भोकाला तोंड लावून आपले आजार ओरडून सांगत आणि ती त्यांना त्या त्या रांगेत पाठवत असे. कोणाला नक्की काय होतंय हे तिला ऐकता ऐकता कळायचं. घरी मात्र तिचा शब्द चालत नसे. तिथे तज्ज्ञ दुसराच होता.

या तज्ज्ञाला फोन करायला वेळ नसे. "बिझी आहे गं, करतो," हे त्याचं ठरलेलं वाक्य. ते "करतो" वाढदिवसाला उगवायचं, तेही सून आठवण करून द्यायची म्हणून. आई त्याचीही बाजू घ्यायची. मोठ्या हुद्द्यावरच्या माणसाला वेळ कुठून मिळणार, वगैरे.

मग एका दुपारी एसी बंद पडला. भिंतीवरच्या युनिटवर तापमानाचा आकडा जाऊन 'ई फोर' अशी अक्षरं लुकलुकू लागली आणि तिकडे साहेबांच्या मोबाईलवर सूचना वाजली. मोठ्या हुद्द्यावरच्या माणसाला तत्काळ वेळ मिळाला. त्याने आईला फोन लावला आणि बराच वेळ बोलत बसला. संध्याकाळी धाकटी घरी आली तेव्हा आईचा चेहरा उजळला होता.

"तो म्हणाला, आई तू फक्त दिवा बघ, बाकी मी बघतो. मग मी सांगत गेले. लुकलुकतोय, थांबला, परत लुकलुकतोय. म्हणाला, किती छान सांगतेस गं." आई उशीला टेकली. "नातवाच्या शाळेचंही बोलला. आणि त्याचा आवाज बसलाय, औषध घेत नसणार."

"आणि एसी?"

"एसी ना? तो होईल."

त्यानंतर ई फोर एक दिवसाआड येऊ लागला. कधी लागोपाठही. दर वेळी थोरला आईला फोन करी आणि तिचं झालं की धाकटीला. तिच्या खिडकीसमोर रांग उभी असायची.

"ई फोर आलाय परत."

"मग मी काय करू, दादा?"

"तुला काही करायचं नाही. तू फक्त ऐक. ई फोर म्हणजे सेन्सर. मी पूर्ण यादी वाचलीय."

त्याने वाचलेली यादी दुसऱ्याच मॉडेलची होती. कंपनी बदलली की तोच कोड काहीतरी वेगळंच सांगतो, आणि एकाच कंपनीतही मॉडेलगणिक त्याचा अर्थ फिरतो, ही साधी गोष्ट त्याच्या गावी नव्हती. यंत्राने फक्त आजाराचं नाव सांगितलं होतं. मशीन जवळ जाऊन बघणं राहिलंच होतं, पण जवळ जाणं हा थोरल्याचा प्रांत नव्हता.

मेकॅनिक आला. हाही एक नमुनाच. सेन्सर बदलला, ई फोर आला. आतलं कार्ड बदललं, ई फोर आला. मग त्याने आपला हुकमी एक्का काढला. "व्होल्टेज," तो म्हणाला. व्होल्टेजला कोणी उलट उत्तर देत नाही, म्हणून ते त्याला फार आवडायचं. गंमत अशी, की हा संध्याकाळी येऊन बटण दाबायचा तेव्हा मशीन शहाण्या मुलासारखं चालू व्हायचं आणि खोली गारठून जायची. घोडं कुठे पेंड खातंय ते काही कळेना.

शेवटी कोणीतरी थोरल्याला बरोबर यादी पाठवली. त्याने आईलाच विचारलं आणि आईने ते संध्याकाळी धाकटीला शब्द न् शब्द सांगितलं.

"म्हणाला, बाहेरच्या युनिटची गरम हवा कोंडली की ई फोर येतो. म्हणाला, आई, बाल्कनीत युनिटसमोर काही ठेवलंय का?"

"मग?"

"मी म्हटलं, काही नाही रे. मोकळंच आहे."

धाकटीने बाल्कनीत जाऊन बघितलं. युनिट लोखंडी स्टँडवर होतं, समोर खरंच मोकळं. वर कबुतरांनी केलेली घाण आणि कोपऱ्यात चिमट्यांची टोपली. तिने हात झटकले आणि मनातल्या मनात भावाच्या अकलेचे पुन्हा एकदा वाभाडे काढले.

मग एका दुपारी दवाखान्यातली पाण्याची पाइपलाइन फुटली, नोंदणीच्या खोलीत घोट्याएवढं पाणी झालं आणि सगळ्यांना घरी सोडलं. धाकटीने किल्लीने दार उघडलं. आई झोपली असेल म्हणून ती पाय न वाजवता आत आली.

आई झोपली नव्हती. ती बाल्कनीत होती. जिला आंघोळ करून उठताना आधार लागतो, ती आई बादलीतून पिळलेली जाड चादर काढून युनिटवर पसरत होती. पंख्याची जाळी पूर्ण झाकली जाईल अशी तिने ती पुढून खाली सोडली आणि वर दोन्ही टोकांना चिमटे लावले. काम इतकं सफाईचं होतं की ते पहिल्यांदा होत नव्हतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मग कठड्याला धरत धरत ती खोलीत गेली, खुर्चीत बसली, केसांवरून हात फिरवून बटा कानामागे सारल्या आणि फोन मांडीवर घेऊन भिंतीवरच्या आकड्याकडे बघत राहिली.

धाकटी दाराच्या आडोशाला उभी होती. बाल्कनीतली घरघर आधी वाढली, मग ओढल्यासारखी झाली आणि थांबली. ई फोर लुकलुकला. थोड्या वेळाने फोन वाजला. आईने तो लगेच उचलला नाही, जरा वाजू दिला.

"हॅलो? कोण? तू होय!" आईने इतकं सुरेख आश्चर्य दाखवलं, की रंगमंचावर टाळ्या पडल्या असत्या. "अगंबाई, परत आला का? थांब हं, बघते. ई आहे... आणि चार. हो, चारच. नाही रे, बाहेर काही नाही. तू जेवलास का?"

धाकटी आल्या पावली दार ओढून जिन्यात आली. तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. पहिल्यांदा आईचा राग आला, मग भावाचा, आणि मग खरा राग कशाचा आहे ते तिला कळलं. त्या आईची उशी, पाणी, गोळ्या वर्षानुवर्षं ती करत होती आणि आई चिमटे लावत होती ते दुसऱ्यासाठी. "तू जेवलीस का" असं आईने आपल्याला शेवटचं कधी विचारलं, ते तिला काही केल्या आठवेना. समोर असलेल्या माणसाला कोण विचारतो म्हणा. ती पायरीवर बसली आणि डोळे पुसले. मग तिने भावाला फोन लावला. वाईट वागायचं असलं की तिला अजिबात उशीर होत नसे.

"आई मुद्दाम करते," ती म्हणाली. "ओली चादर टाकते युनिटवर. पहिल्यांदा वाळत घालताना चुकून पडली असेल, आता तुझा फोन यावा म्हणून."

भावाचा आवाज भरून येईल, तो गप्प होईल, निदान लाजेल, असं तिला वाटलं. तो हसला.

"म्हणजे मशीन ठणठणीत आहे तर! अगं, मग आधी सांगायचं ना. मी उगाच कंपनीच्या लोकांशी भांडलो."

"दादा, ती फोनसाठी करते."

"हो गं, कळलं मला. करेन ना फोन. या रविवारी नक्की. आणि ती सूचना बंदच करून टाकतो आता. मीटिंगमध्ये फार वाजतं ते." मग त्याने तज्ज्ञाचं मत दिलं. "पण तिला सांग, चादर टाकू नको म्हणावं. कॉम्प्रेसर जातो त्याने."

धाकटीने आईला काहीच सांगितलं नाही. आता सांगून करणार काय होती? जे करायचं ते करून बसली होती.

दुसऱ्या दिवशी ती संध्याकाळी आली तेव्हा आई खुर्चीतच होती. केस विंचरलेले, फोन मांडीवर.

"आज आला नाही फोन," आई म्हणाली.

"बिझी असेल."

"ई फोर आला होता पण." आईच्या आवाजात गाऱ्हाणं होतं. सरकारी कचेरीत सगळे कागद घेऊन जावं आणि तरी तिथल्यांनी परत पाठवावं, तसं. "चांगला लुकलुकत होता."

रविवार आला तसा गेला. थोरला या रविवारी म्हणाला होता, पण कुठल्या महिन्यातल्या ते काही बोलला नव्हता. आई मात्र नेमाने चादर भिजवत होती. बाल्कनीतल्या टोपलीत चिमटे रोज ओले दिसत. ती फोन उलटसुलट करून बघे, आवाज बंद तर नाही ना म्हणून धाकटीला विचारी. धाकटी फोन हातात घेऊन, बटणं दाबून, "नाही, चालू आहे," असं सांगे आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जोरात आपटे. आता हिणवायला भाऊ पुरत नव्हता. तिला स्वतःचीच किळस येत होती. त्याने निदान न बघता केलं होतं, हिने उघड्या डोळ्यांनी केलं होतं.

त्यानंतरच्या एका दुपारी खिडकीसमोर नेहमीसारखी रांग होती. काचेपलीकडे एक गृहस्थ आपल्या गुडघ्याचा इतिहास अगदी लग्नापासून सांगत होते. धाकटीची नजर सारखी घड्याळाकडे जात होती. आता चादर पडली असेल. आता घरघर थांबली असेल. आता आई केस कानामागे घेऊन बसली असेल.

तिने फोन उचलून घरी लावला. पहिली घंटा पुरती वाजायच्या आत तो उचलला गेला. आश्चर्याचं नाटक करायचंही आईला भान राहिलं नव्हतं.

"बोल रे."

"आई, मी."

पलीकडे एसीचीही घरघर नव्हती. धाकटीला वाटलं, ठेवला फोन.

"तू होय," आई म्हणाली. या वेळी आवाजात खोटं काही नव्हतं आणि आनंदही नव्हता. "काय गं?"

"एसीला कोड आलाय ना?"

"तुला कसं कळलं?"

"माझ्या फोनवर पण येतो आता." तिच्या फोनवर काहीही येत नव्हतं.

आई म्हातारी झाली होती, खुळी झाली नव्हती. थापा कशा मारतात ते तिला चांगलं ठाऊक होतं, आणि समोरचा मारतो तेव्हा त्या कशा ऐकायच्या तेही.

"मग सांग बघू, काय आलाय?" तिने विचारलं.

"ई फोर."

"बरोबर," आई म्हणाली. मग जरा वेळाने, "जेवलीस का?"

काचेवर टकटक झाली. गुडघेवाल्या गृहस्थांना पुढे बोलायचं होतं. धाकटीने त्यांना हाताने थांबवलं आणि खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली.

"नाही गं अजून," ती म्हणाली.