गौरवग्रंथाची पहिली प्रत

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबून तिनं पिशवीतलं पुडकं बाहेर काढलं आणि त्यावरची छापखान्याची चिठ्ठी नखानं खरवडायला घेतली. दार उघडताक्षणी सरांची नजर आधी त्या चिठ्ठीवर गेली असती, आणि पाच वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट उंबऱ्यावरच फुटली असती. चिठ्ठी अर्धी निघाली, अर्धी तशीच चिकटून राहिली. तिनं पुडकं उलटं धरलं आणि घंटा वाजवली.

दार उघडायला वेळ लागला. पूर्वी ते काकू उघडायच्या, आणि उघडण्याआधीच आतून बोलायला लागायच्या.

"तळटीप! ये, ये," सर म्हणाले. "चप्पल राहू दे, फरशी गार आहे."

तळटीप हे सरांनीच ठेवलेलं नाव. वर्गात ती कमी बोलायची, आणि बोललीच तर सगळ्यांचं बोलून झाल्यावर, हळूच. आता ती पन्नाशीची होती, स्वतः महाविद्यालयात शिकवत होती, तिच्या वर्गातली मुलं तिला घाबरत होती. पण या घरात तिला दुसरं नाव नव्हतं.

सर जुन्या हस्तलिखितांचे अभ्यासक. कागदावर तारीख नसली तरी अक्षराच्या वळणावरून ते काळ सांगत, दहा-वीस वर्षं इकडेतिकडे. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांवर समासात पेन्सिलीनं शेरे मारत: 'हे लिहिताना आपण जागे होता काय?' असल्या शेऱ्यांनी ढसाढसा रडलेले लोक पुढे मोठमोठ्या खुर्च्यांवर बसले, आणि दर रविवारी याच खोलीत जमून आपापले शेरे एकमेकांना फुशारकीनं सांगू लागले. काकू चहाचा ट्रे घेऊन मधोमध उभ्या राहत. "यांच्या जिभेला काही हाड आहे का! तुम्ही मनावर घेऊ नका रे," असं दर रविवारी, न चुकता.

सरांच्या पंचाहत्तरीला गौरवग्रंथ काढायचं ठरलं. शिष्यांनी लेख लिहायचे, ते एकत्र बांधून गुरूच्या हाती ठेवायचे, आणि तोवर त्यांना पत्ता लागू द्यायचा नाही, ही या मंडळींची जुनी हौस. संपादक तळटीप. संपादक म्हणून पहिला हुकूम तिनंच काढला: ग्रंथ हाती येईपर्यंत रविवारी कुणी सरांकडे फिरकायचं नाही. तीनशे वर्षांपूर्वीचा कारकून लिहिताना घाबरला होता की कंटाळला होता, हे जो माणूस अक्षरावरून ओळखतो, त्याला समोरच्याचा चेहरा वाचायला कितीसा वेळ लागणार? निदान काकूंना तरी सांगू या, असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा सगळे हसले. काकूंच्या तोंडात तीळ भिजत नाही हे जगजाहीर होतं. आणि आठ महिन्यांचा तर प्रश्न होता.

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी गौरवग्रंथ काढलेला नसतो. एकाचा लेख 'फक्त शेवटचा हात फिरवायचा आहे' या एका वाक्यावर दोन वर्षं अडून राहिला. दुसऱ्यानं वीस पानं मागितली तर एकशे दहा पाठवली आणि त्यातली एक ओळ कापू देईना. मध्येच छापखाना बदलला. आठ महिन्यांची पाच वर्षं झाली. त्यातल्या चौथ्या वर्षी एका दुपारी स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता काकू गेल्या. सगळे धावत आले, कोपऱ्यात ओठ मिटून उभे राहिले आणि अर्ध्या तासात पांगले. तळटीपला तर सरांच्या नजरेला नजर देववली नाही. एकदा ग्रंथ निघाला की सगळं भरून निघेल, असं ती तेव्हापासून स्वतःला बजावत आली होती. ते भरून निघणार की नाही, हे आज कळणार होतं.

"सर, हे तुमच्यासाठी," ती म्हणाली. "आम्हा सगळ्यांकडून. पुढच्या रविवारी सभागृहात समारंभ आहे, तुम्हाला यायचंय. पण पहिली प्रत घरी द्यावीशी वाटली."

सरांनी पुडकं सुलटं केलं. अर्धवट खरवडलेल्या चिठ्ठीकडे पाहून ते किंचित हसले. त्यांनी दोरा सोडून त्याची गुंडाळी केली, कागदाची घडी घालून ती बाजूला ठेवली, मग पुस्तक मांडीवर घेतलं. सुरुवातीचं फोटोचं पान त्यांनी भर्रकन उलटलं, तेव्हा तिला हायसं वाटलं. तो फोटो तिला खुपत होता. घरून फोटो मागण्याची सोय नव्हती, म्हणून एका जुन्या सहलीतला घ्यावा लागला. त्यात सरांच्या शेजारी काकू होत्या. छापखान्यात उभं राहून तिनंच त्या कापायला लावल्या होत्या. कडेला चहाचा कप पुढे करणारा एक हात तेवढा उरला होता.

सरांचं बोट अनुक्रमणिकेवरून खाली सरकत गेलं, थांबलं. त्यांनी नेमकं पान काढलं.

"आजोबांनी तिसरा परिच्छेद गाळला तर. बरं केलं."

आजोबा म्हणजे सरांच्या वर्गातले सर्वांत वडीलधारे विद्यार्थी, चाळिशीत नोकरी सांभाळून शिकायला आलेले. त्यांच्या लेखातून एखादा परिच्छेद गाळला गेलाय, हे संपादक असून तिलाही माहीत नव्हतं.

"सर, तुम्हाला कसं..."

"मला आला होता ना लेख! टपालानं. गेली तीस वर्षं तो माणूस प्रत्येक लेख छापायला देण्याआधी माझ्याकडे पाठवतो. हाही पाठवला. वर चिठ्ठी, नेहमीप्रमाणे नजर टाकावी. उघडला तर पहिल्याच ओळीत 'आमचे प्रातःस्मरणीय गुरुवर्य'. म्हटलं, हे कोण बुवा नवीन? पुढे वाचलं तर मीच."

तिला हसू फुटलं.

"तपासला आणि परत पाठवला. लिहिलं, एवढी विशेषणं तुमच्या गुरुवर्यांना झेपायची नाहीत. आणि मी पाहिल्याचं कुठे बोलू नका, संपादकबाईंचा हिरमोड होईल."

"हे कधी झालं?"

"पहिल्याच वर्षी. तुम्ही यायचं बंद केलंत, त्यानंतर महिन्याभरात."

तिच्या डोक्यावरचं केवढं तरी ओझं उतरलं. म्हणजे सरांना ठाऊक होतं. आपल्याला टाकलं, विसरले, असं त्यांना वाटत राहिलं नव्हतं. आजोबांच्या वेंधळेपणाचे पाय धरावेत असं तिला वाटलं. ती हसत हसतच डोळे पुसू लागली, आणि पुसता पुसता थांबली.

"काकूंना सांगितलं होतंत?"

सरांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकानं एक काच पुसली, मग दुसरी.

"तिला सांगितलं असतं तर संध्याकाळी तुला फोन आला असता. म्हटलं, पोरं एवढी धडपडतायत, आठ-दहा महिने कळ काढू. रविवारी ती कप मांडायची. अकरापर्यंत वाट बघायची, मग एकेक उचलून फळीवर ठेवायची. चिडायची माझ्यावर. तुमच्या जिभेनं घर रिकामं केलं, म्हणायची. मी गप्प बसायचो. खरं सांगू? मला गंमत वाटायची. मनात म्हणायचो, थांब, येऊ दे एकदा पुस्तक, मग बघतो तुझं तोंड कसं होतं ते."

खालच्या मजल्यावर कुणीतरी टेबल ओढत होतं. तो आवाज थांबला तेव्हा तळटीप म्हणाली,

"सर, काकूंचा मला फोन आला होता."

"कधी?"

"त्या जायच्या आधी दोन महिने. म्हणाल्या, यांचं काय चुकलं तेवढं मला सांग गं. त्यांना कळू देणार नाही, शप्पथ. त्यांच्या वतीनं मी माफी मागते, पण पोरांनो, तुम्ही परत या."

"मग?"

"कामं असतात हो काकू, म्हटलं. अगदी ओठावर आलं होतं, सर. गिळलं."

सरांनी चष्मा परत लावला, तो वाकडा बसला.

"फोन केला होता तिनं," ते म्हणाले. "मला बोलली नाही."

"नाही सांगणार म्हणाल्या होत्या."

"दोन महिने... एक अक्षर नाही काढलं."

जिच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून सगळ्यांनी, नवऱ्यानंसुद्धा, जिला बाहेर ठेवलं, ती बाई दोन महिने हे पोटात घेऊन याच खोलीत वावरली होती. त्याच्यासाठी मागितलेली माफी त्याला कळू नये म्हणून जपत होती. तळटीपला हुंदका आवरेना.

"माझं चुकलं, सर."

"हो," सर म्हणाले. "माझंही."

ते उठले, टेबलावरचं भिंग घेऊन आले आणि त्यांनी पुस्तक पहिल्या पानाशी उघडलं. स्वतःच्या चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. भिंग पानाच्या कडेला नेलं, जिथे तो कप धरलेला हात होता.

"अंगठ्याला चिंधी आहे बघ. सहलीत स्टोव्हवर भाजला होता. सगळ्यांचा चहा झाल्याशिवाय मलमसुद्धा लावून घेईना."

तिला ती चिंधी कधी दिसलीच नव्हती. पाच वर्षांत ते पान तिनं शंभरदा तरी तपासलं असेल.

सर भिंग धरून तसेच वाकून राहिले.

"बाकीचा फोटो आहे का गं तुझ्याकडे?"