विस्तवाची वाटणी

सरूबाईच्या घरातली चूल कधी फुटली नाही, हे पेठ गावात सगळ्यांना ठाऊक होतं. कारण सरूबाईनंच ते सगळ्यांना सांगितलं होतं. कुणाच्या दोन लेकांत भांडण झालं, कुणी अंगणात मधोमध पत्रा उभा केला, की ही पदर खोचून जायची, दोघांची समजूत काढायची आणि निघताना म्हणायची, "आमच्यात नाय बाई असलं. दोन ल्योक, दोन सुना, पण भाकरी एकाच तव्यावरची." लोकांना ते झोंबायचं. झोंबावं म्हणूनच ती म्हणायची.

त्या रविवारी धाकटा लेक भरत चाकणहून आला, पायरीवर बसला आणि म्हणाला, "आई, रेशनकार्ड वेगळं करायचंय."

सरूबाई लसूण सोलत होती. "आन् कार्डाबरोबर काय काय वेगळं करायचंय? आईबी?"

भरत कंपनीत कामाला. बायको रत्ना आणि लहानग्या समृद्धीला घेऊन भाड्याच्या खोलीत राहायचा. तिकडं सरकारी योजनेतून इमारती उठत होत्या. कमाई बघून माणसांचे गट पाडलेले; थोडं कमावणाऱ्याला लहान नि स्वस्त घर, जास्त कमावणाऱ्याला मोठं नि महाग. ज्याच्या त्याच्या गटात चिठ्ठ्या निघायच्या. घोडं अडलं होतं ते एकाच जागी. कार्ड एक म्हणून कुटुंब एक, आणि कुटुंब एक म्हणून थोरल्या सोपानचा कांदा-बटाटा आणि भरतचा पगार एकाच पारड्यात.

"कागदावर आपण लई श्रीमंत दिसतो," भरत म्हणाला. "त्या गटातलं घर मला ह्या जल्मात झेपायचं नाय. कार्ड वेगळं झालं तर अल्प उत्पन्न गटात बसतो."

"मग कर की. मला कशाला इचारतोस?"

"कार्डावर घरातली कर्ती म्हणून तुझं नाव हाय. तुझी सही लागती. आन् नुसतं कागदावर गं आई. खरी चूल थोडीच फुटायची हाय?"

आता मात्र तिचे हात थांबले. "नुसतं कागदावर? म्हंजी सरकारला सांगायचं वेगळे झालो, आन् इथं बसायचं एका पंगतीला? चुलीचं खोटं बोलायला लावतोस मला? नाय करायची सही. ऊठ."

सोपान गोठ्याशी उभा होता. तो म्हणाला, "आई, त्याचं घर व्हतंय तर आपण कशाला..."

"तू गप. थोरला हायेस, थोरल्यावानी ऱ्हा."

भरतबरोबर आलेली रत्ना इतका वेळ उंबऱ्यात उभी होती. ती सासूपुढं सहसा बोलायची नाही. पण आज बोलली. "आत्या, तिथं आमाला चूल हाय कुठं? पलंगाखाली सिलेंडर आन् पलंगावर आमी. वरीस भरलं की मालकीण म्हणती, खोली बघा. पोरगी इचारती, आता कुठं जायचं?"

सरूबाई सोललेलीच पाकळी पुन्हा सोलू लागली. तिच्या बाबतीत ते फार वाईट लक्षण.

पलीकडच्या जुन्या घरात तिची जाऊ प्रयागबाई राहायची. वयानं थोरली, कानानं तिखट. ती काठी टेकीत आली आणि न विचारताच बसली.

"आलात का, आगीत तेल वतायला?" सरूबाई म्हणाली.

"तेल म्हाग झालंय. नुसतंच बघाया आले." प्रयागबाईनं पाय लांब केले. "काय गं सरू, तुजी चूल कुठनं आली? आभाळातनं पडली व्हती?"

सरूबाईनं तोंड फिरवलं. पण आठवण काय, तोंड फिरवलं म्हणून थांबत नाही.

जुनं घर लहान होतं. दोघे भाऊ, दोन बायका, पोरंबाळं. पावसाळ्यात जनावरंही आत. भांडण कशाचंच नव्हतं, जागाच नव्हती. मग तिच्या मालकानं, गेणूनं, इथं पाया काढला आणि इर्जिक घातली. इर्जिकीला मजुरी नसते, जेवण असतं. गाडीबैलवाल्यांनी दगड ओढले. ज्यांना बैल नव्हते त्यांनी माती तुडवली. एका म्हाताऱ्यानं नुसतं बसून सुंभ वळून दिलं. बागायतदारही आला, हातावर पोट असलेलाही आला. गट कुणी पाडले नाहीत, पण ज्याला जेवढं झेपेल तेवढंच त्याच्याकडून घेतलं, आणि संध्याकाळी गुळवणी सगळ्यांच्या ताटात सारखी. लोक जेवताना हसत होते. भिंत कंबरेएवढी झाली होती आणि गेणू तिच्याकडं बघून असा उभा होता, जणू राजवाडाच बांधला.

आणि ज्या दिवशी राहायला जायचं, त्या दिवशी सासूनं आपल्या चुलीतला विस्तव खापरात घालून सरूच्या हातात दिला. माळावरून वारा सुटला होता. ही पदराआड खापर धरून चाललेली, आणि सासू मागून ओरडत होती, "पदर जळंल गं भवाने! जळंना का, पण विझू दिऊ नको!"

"रडल्या व्हत्या सासूबाई," सरूबाई हळूच म्हणाली.

"रडल्या की. पन दिला का नाय इस्तू? हातानं दिला." प्रयागबाई उठली. "आमी काय लगीच परके झालो व्हय गं?"

ती गेली. सरूबाईनं मांडीवरची लसणाची टरफलं झटकली आणि जोरात हाक मारली. "भरत! परसात तीन दगड मांड. नुसतं कागदावर चालायचं नाय. व्हायचं तर खरंखरं वेगळं व्हा."

भरतला वाटलं, आई चिडून बोलतेय. पण तिनं खरंच तवा दिला, काठवट दिली, बाजरीचं पीठ मापून दिलं. मग चुलीतले निखारे खापरात काढले आणि रत्नाच्या हातात ठेवले. थोरली सून डोळ्याला पदर लावून उभी. सोपान जनावरांना उगाच पाणी पाजत राहिला. ती मघाशीच प्यालेली होती.

रत्नाला जाळाची सवय राहिली नव्हती. परसात धूरच धूर. पहिली भाकरी तव्याला चिकटली, दुसरी करपली. सरूबाई ओसरीवरून बघत होती. तिचे हात शिवशिवत होते. दोनदा ती उठली आणि दोनदा खाली बसली. ती चूल आता तिची नव्हती.

शेवटी रत्ना आली, पदर सावरून म्हणाली, "आत्या, आमच्यात जेवायला चला."

'आमच्यात' हा शब्द सरूबाईला आधी टोचला, मग बरा वाटला. तिनं पाय धुतले, पाहुणीसारखी परसात गेली आणि दिलेल्या पाटावर बसली. एक घास खाऊन म्हणाली, "मीठ घालायचं असतंय, म्हायती हाय का?"

"चुकलं, आत्या."

भरत समोर बसला होता. "आई, चिठ्ठीत नंबर लागंलच असं नाय बरं का."

"नाय लागला तर परत अर्ज भर. वेगळा झालास ना? तुझं तू बघ." तिनं ताट पुढं केलं. "उद्या घोडेगावच्या कचेरीत सहीला जायचं तर पहिल्या एसटीनं जाऊ. आन् रत्ना, अजून अर्धी वाढ. करपल्याली नको."