गठ्ठ्यातला वाटाड्या

आमच्या लाँड्रीतून निघालेल्या चादरीवर माशी बसली तर घसरून पडेल. फुशारकी नाही, आहे ते सांगते. तरीही मोठ्या हॉस्पिटलचं काम इतकी वर्षं पलीकडच्या चौकातल्या लाँड्रीवाल्याकडे. तो चादरी ओलसर देतो हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं, आणि एक दिवस आम्हाला काम देऊन बघायचं ठरलं. सकाळची ऑपरेशनं सुरू व्हायच्या आत चादरी पोचल्या तर काम आमचं. नाहीतर परत त्या ओलसर माणसाचं.

नेमका तेव्हाच मुलाने हात मोडून घेतला. गाडी चालवायला राहिली सून. तिचं लायसन कोरं करकरीत, आणि हॉस्पिटल शहराबाहेरच्या नव्या इमारतीत गेलेलं. रस्ता दोघींनाही ठाऊक नाही. फोन सगळं सांगतो, म्हणाली. मी शेजारी बसले, कारण माझ्या चादरी मी एकट्या कुठे पाठवत नाही.

फोनने तोंडच उघडलं नाही. नकाशा हलतोय, निळा बाण सरकतोय, पण शब्द म्हणून नाही. सुनेने मला बघून सांगायला लावलं. मी शाळेत गेले तशीच परत आले, अक्षरं जुळवेपर्यंत वळण मागे पडायचं. म्हणून नुसत्या बाणावरून सांगत गेले, आणि आम्ही थेट पोहण्याच्या तलावाच्या फाटकात जाऊन थांबलो. पहारेकऱ्याने विचारलं, टॉवेल आणलेत का. त्याला मी काय ऐकवलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

सुनेने गाडी कडेला घेऊन बंद केली. फोनचा आवाज तपासला, तर पूर्ण वाढवलेला. तिचे डोळे भरले.

"आई, माझ्यामुळे हातचं काम जाणार."

"रडायला घरी भरपूर जागा आहे. आधी नवऱ्याला फोन लाव."

तिने लावला. कानाशी धरला, खाली घेऊन बघितला, परत कानाशी धरला. त्याने उचललेला दिसत होता, पण ऐकू काही येत नव्हतं. तेवढ्यात गाडीच्या मागच्या बाजूने, विहिरीतून यावा तसा माझ्या मुलाचा आवाज आला.

"हॅलो? अगं, बोल ना."

मी उतरले, मागचं दार उघडलं आणि एकेका गठ्ठ्याला कान लावत गेले. कोपऱ्यातल्या गठ्ठ्यात माझा मुलगा होता.

मग डोक्यात उजेड पडला. मशिनांच्या घरघरीत गिऱ्हाइकांचे फोन ऐकू येत नाहीत, म्हणून घड्या घालायच्या टेबलावर एक छोटा स्पीकर असतो, सुनेच्या फोनला ब्लूटूथने जोडलेला. पहाटेच्या घाईत मी चादरींबरोबर त्यालाही बांधून टाकलं होतं. म्हणजे सगळी वळणं वेळेवर सांगितली गेली होती, फक्त चादरींना.

मी गठ्ठ्याला तोंड लावून मुलाला सगळं ओरडून सांगितलं. मेला आधी पोटभर हसला, मग म्हणाला, फोनमधलं ब्लूटूथ बंद करायला सांग. पहारेकरी डोळे फाडून बघत होता. म्हातारीने कुणाला तरी बांधून चालवलंय, असंच वाटलं असणार त्याला. सुनेने बोट सरकवून ब्लूटूथ बंद केलं, आणि मुलाचं हसणं गठ्ठ्यातून उठून तिच्या हातात आलं. फोन ठेवून तिने गाडी सुरू केली.

"शंभर मीटरवर उजवीकडे वळा," फोनमधली बाई ठणकावून बोलली.

सुनेचा चेहरा काय खुलला म्हणून सांगू! पाठ ताठ, नजर रस्त्यावर. बाईने वळ म्हणायचं आणि हिने लोण्यातून सुरी फिरवावी तशी गाडी फिरवायची. पूल मागे पडला, चढ मागे पडला. मी आयुष्यात पहिल्यांदाच इतका वेळ तोंड मिटून बसले.

हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी मेट्रन उभी होती. तिने घड्याळ बघितलं आणि वेळेत आलात म्हणून मान डोलावली. चादरींवरून हात फिरवला, एक नाकाशी नेली. तिच्यासमोरच मी कोपऱ्यातला गठ्ठा सोडून स्पीकर बाहेर काढला. हे काय, तिने विचारलं. आमचा वाटाड्या, म्हटलं. मेट्रन हसली, ओठाच्या एका कोपऱ्यातच, पण हसली.

"उद्यापासून रोज आणा," ती सुनेकडे बघून म्हणाली. "तुम्हीच याल ना?"

सुनेने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघतेस? तुला विचारलंय."

"मीच येणार," सून म्हणाली.