माझी पाठ कोरली तेव्हा

मी लोहाऱ्याच्या माणिकप्पाची बेस गिटार बोलतेय. चार जाड तारा, लांब मान, जड अंग. वरातीत लोक नाचतात ढोलावर आणि वाहवा करतात गाणाऱ्याची, पण नवरदेवाच्या चुलत्याच्या पोटात जे गुडगुडतं ना, ती मी.

मला घडवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कुणीतरी सहाफुटी गडी असणार. सोलापूरच्या दुकानात कुणी मला उचलून बघायचा आणि कण्हत परत ठेवायचा. मग माणिकप्पा आला. खरोखरच सहाफुटी, पंजा सुपाएवढा. त्यानं मला एका हातानं उचललं आणि लिंबाजीनानाच्या ऑर्केस्ट्रा पार्टीत आणलं.

पुढं भूमपासून उमरग्यापर्यंत किती मांडव मी थरथरवले याचा हिशेब नाही. माझ्या तारा मानेपासून लई उंच. दाबून दाबून माणिकप्पाची बोटं सोलून निघायची. रक्त आलं की तो ते माझ्याच अंगाला पुसायचा आणि नव्या पोरांना दाखवायचा. म्हणायचा, "दुखल्याबिगर वाजत न्हाय, बाबांनो."

या वाक्याचा मला पहिल्यापासून राग. माझ्या घोडीला, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीला, चार बारके स्क्रू आहेत. ते फिरवले की तारा खाली येतात. वीस वर्षांत एकानंही ते फिरवून बघितले नाहीत. ज्याला सोपं करता येत नाही, तो त्रासालाच तपश्चर्या म्हणतो आणि वर पोरांनीही ती करावी म्हणून बसतो.

मग माणिकप्पाची बोटं आखडली. सकाळी चहाची बशी धरता येईना. पण कबूल करेल तर तो माणिकप्पा कसला! "हल्ली गाण्यातच दम न्हाय," म्हणाला आणि मला खिळ्याला टांगलं.

तेव्हापासून माझी देवी झाली. खंडेनवमीला खाली काढायचं, हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ. दुसऱ्या दिवशी दसरा. नानांच्या पार्टीची रीत अशी, की त्या संध्याकाळी ज्यानं जे वाद्य वाजवलं, वर्षभर ती जागा त्याची. माणिकप्पा दोन वर्षं काय करायचा? माझी एक तार न दाबता नुसती छेडायचा, नमस्कार करायचा आणि परत टांगायचा. जागा त्याची, आणि बेस वाजवायचा कीबोर्डवाल्या कुलदीपचा डावा हात. वडीलधारी माणसं जागा अशीच धरतात, रुमाल टाकून.

यंदा श्रावणात नाना घरी येऊन सांगून गेले, "माणिक, ह्या दसऱ्याला आख्खं गाणं वाजलं तर वाजलं. न्हायतर बेस कायमचा कीबोर्डावर."

माणिकप्पानं मान हलवली. दाराआड त्याची पोरगी हर्षाली ऐकत होती.

हर्षालीनं कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलेलं. आल्यागेल्यानं विचारावं, "मग आता काय करती गं?" ती काय करत होती ते मला ठाऊक. बाप रानात गेला की मला खाली काढत होती. सूर पक्का, बोटं मात्र आखूड. अर्ध्या गाण्यातच मनगट भरून यायचं, खांद्यावर पट्ट्याचा लाल वळ उठायचा, माझी कड तिच्या बरगडीत रुतायची.

एकदा माणिकप्पा मधेच घरी आला.

"ठेव ते. तुझ्या हाताचं काम न्हाय."

"हात दुखतो तेवढाच, अप्पा."

"दुखणारच. दुखल्याबिगर वाजत न्हाय."

"तुमचा बी दुखतोय की. मग कुठं वाजतंय?"

माणिकप्पा पायात चपला सरकवून निघून गेला. हर्षालीनं मला चादरीत गुंडाळलं आणि थेट आरिफच्या गॅरेजवर नेलं. आरिफ तिचा शाळेतला दोस्त. दुचाक्या दुरुस्त करतो, गिटार आयुष्यात उघडलेली नाही.

"हर्षे, हिला इंजन कुठंय?"

"गप बस. आधी घोडीचे स्क्रू फिरव."

त्यानं इतके फिरवले की तारा मानेवर लोळल्या आणि मी पत्र्यासारखी कडकडले. मग थोड्या वर. पुन्हा खाली. शेवटी जमलं. सोलापूरहून बारीक तारा मागवल्या. हर्षालीनं काचपेपरनं माझी मान मागून घासली, तिची मूठ बसेल एवढी. मग आरिफनं ग्राइंडर काढला.

"वायरी सोडून," हर्षाली म्हणाली आणि तिनंच डोळे मिटले.

मला दुखलं का? दुखलं. पण खिळ्याला लटकण्यापेक्षा कमी. माझ्या पाठीतून बरगडीच्या जागचं लाकूड खरवडून काढलं आणि तिथं तिचं अंग नीट बसलं. फक्त एक घोटाळा झाला. पाठ हलकी झाली आणि माझी जड मान जमिनीकडं धावली! हर्षालीला डाव्या हातानं मला सावरूनच धरावं लागे. मग दोघांनी भंगारातल्या जीपच्या सीटबेल्टचा रुंद पट्टा केला आणि त्याच्या मागच्या टोकाला, माझ्या बुडाशी, एक लोखंडी वजन शिवलं. मी तराजूसारखी तोलून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी आरिफची दादी सकिनाबी ओरडत आली, "माझं पावशेराचं वजन कुणी नेलं रे? आता भाजी काय हवेवर तोलू?"

"दादी, गिटार तोलली," आरिफ म्हणाला. त्याला शिव्या पडल्या, वजन मात्र माझ्याकडंच राहिलं.

हर्षालीनं मला परत खिळ्याला टांगलं, पाठ भिंतीकडं करून. खंडेनवमीला तिनंच खाली काढून पाटावर ठेवलं. माणिकप्पानं पुढून हळदकुंकू वाहिलं, पुढूनच हात जोडले. पाठ कोण बघतं!

दसऱ्याला सोनं वाटून झालं, नानांच्या अंगणात सगळे जमले. हर्षालीनं मला पट्टा लावून गळ्यात अडकवलं, तसा माणिकप्पा उठला. सीटबेल्ट बघितला, मला उलटं केलं आणि त्याचा चेहराच बदलला.

"पूजेच्या वस्तूला ग्राइंडर लावलं? काल कुंकू वाहिलंय मी हिला!"

"वाहिलंत. वाजवली न्हाय."

"दे इकडं."

त्यानं मला हिसकावलं. परत न्यायलाच निघाला होता. पण हिसकावताना त्याची मूठ माझ्या मानेभोवती मिटली, बोटांखाली तार सहज दाबली गेली, दुसऱ्या हाताचा अंगठा तिला लागला आणि सूर निघाला. दाबलेला, भरीव, दोन वर्षांत त्याच्या हातून न निघालेला.

तो थांबला. पुन्हा दाबलं. मग जवळची खुर्ची ओढून बसला आणि कुलदीपला म्हणाला, "लाव रे."

आख्खं गाणं वाजलं. मी वाजत होते, सुखावत होते आणि मनात त्याला शिव्याही देत होते, कारण समोर हर्षाली रिकाम्या हातांनी उभी होती.

"माणिकप्पाची जागा कायम!" नानांनी टाळी वाजवली.

माणिकप्पा आपल्या बोटांकडं बघत राहिला. मग आरिफला म्हणाला, "तिसरी तार कुरकुरती. घोडी जरा उचल."

"व्हय चाचा."

मग त्यानं लेकीकडं बघितलं. "बसून वाजवायचं मी. वरातीत उभ्यानं ही वाजवंल."

"पोरगी? वरातीत?" नाना म्हणाले.

"मला उभं राहवत न्हाय, नाना. आणि हे सगळं तिनं केलंय."

एवढंच. 'चुकलं' नाही, 'शाबास' नाही. जागा दिली, तीही निम्मी. हर्षालीनं मला गळ्यात घेतलं. "रीत ती रीत," म्हणाली, "माझं बी आख्खं गाणं होऊ द्या, मग जागा द्या." आणि उभ्यानं, न थांबता तिनं ते वाजवलं. पोत्यावर बसलेली सकिनाबी सगळ्यांना सांगत होती, "आत माझं वजन हाय बरं का!"

आता आमचं बरं चाललंय. खिळा मोकळा आहे, त्याला हल्ली पिशवी अडकवतात. तुमच्याही घरात कुणी असं हार घालून टांगलेलं असेल, तर त्याला खाली काढा. हाताला जड असेल तर कोरा, घासा. कुंकवापेक्षा आम्हाला तेच आवडतं.

माझ्या पट्ट्याला बकल आहे. मला घेतलं की माणिकप्पा पट्टा सैल सोडायचा, आपल्या मापाचा. मग हर्षाली आवळायची. परवा भूमच्या लग्नात त्यानं मला मांडीवर घेतलं आणि बकलाला हातच लावला नाही. मी पार त्याच्या हनुवटीखाली.

"अप्पा, पट्टा सोडा की थोडा."

"राहू दे," तो म्हणाला. "तुझ्या मापाचा हाय, तसाच असू दे."