गुलाब बँडचा सत्कार

साकोलीत स्वरगंध रसिक मंडळ नावाचा एक प्रकार आहे. त्याची बैठक दर रविवारी शालूच्या घरी भरते, कारण मंडळाचा सचिव तिचा नवरा. मनिष कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो आणि उरलेल्या वेळात संगीतावर प्रेम करतो. प्रेम करतो म्हणजे काय, तर संगीतावर बोलतो. चहा मात्र शालूला करावा लागतो.

बैठकीला येणारे सगळे रसिक काळ्या टी-शर्टात. छातीवर विलायती बँडांची नावं, कुठे कवटी, कुठे पंख. कोणता बँड कोणत्या साली फुटला, कोणाचं कोणाशी बिनसलं, गिटारवाला कशानं मेला, हे सगळं त्यांना तोंडपाठ. ऐकायचं तेवढं राहून गेलेलं. गाणं लावायचं, आणि ते धड सुरूही होत नाही तोच कोणीतरी बोट वर करून म्हणणार, "यांचं सुरुवातीचं काम ऐकलं पाहिजे." मग तासभर त्या सुरुवातीच्या कामावर चर्चा, आणि लावलेलं गाणं बिचारं कोपऱ्यात एकटंच वाजतंय. एका रविवारी शालू पोह्यांच्या बशा घेऊन आली तेव्हा नेट गेलं होतं आणि स्पीकर केव्हाचा मुका झाला होता. मंडळाचे अध्यक्ष इश्वरभाऊ, ज्यांचं सिमेंटचं दुकान आहे, ते डोळे मिटून मांडीवर ताल धरून बसले होते. शालूनं बशा ठेवल्या, स्वयंपाकघरात गेली आणि तोंडाला पदर लावून हसली. त्या दिवसापासून तिच्या मनातून ही माणसं उतरली ती उतरलीच.

त्याच माणसांनी दिवाळीनंतर ठरवलं की आपल्या मातीतल्या एखाद्या नामवंत बँडचा सत्कार करायचा. नामवंत म्हटलं की नाव एकच, सानगडीचा गुलाब बँड. त्यातला गुलाब म्हणजे शालूचा बाप, क्लॅरिनेट वाजवणारा. नाकाडोंगरीपासून सानगडीपर्यंत लोक आधी विचारतात गुलाब बँड मोकळा कधी आहे, आणि मग लग्नाची तारीख काढतात. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला हाच बँड पाहिजे म्हणून दोन गावांत भांडणं होतात. एवढं नाव. पण यातल्या कोणाही माणसाला थांबवून विचारा की बाबा रे, गुलाब बँड वाजवतो तरी काय? तो म्हणेल, "मस्त वाजवते!" आणि गप्प होईल. पुढे सांगायला त्याच्याकडे काही नसतंच. तो बँडकडे पाठ करून नाचत असतो.

शालू बातमी घेऊन सानगडीला गेली, तेव्हा गुलाब अंगणात बसून क्लॅरिनेटच्या तोंडाची पत्ती घासत होता. सत्काराचं ऐकून त्यानं मान हलवली. शाल कोणती, पाहुणे कोण, यातलं काही विचारलं नाही.

"बसून राहतीन का ते?" एवढंच म्हणाला.

"कोण?"

"लोकं. मी वाजवीन तवा बसून आइकतीन का? जिंदगीभर रोडवर वाजवलं पोरी. मांगून जनरेटर, पुढं नाचणारे. खुर्चीवर बसून माह्याकडं तोंड करून कोणी आइकलंच नाई आजवर." मग वरच्या ओठावरून बोट फिरवत म्हणाला, "हे समोरचे दोन हालून राहिले. डाक्टर म्हणते काढाच लागतीन. सत्कार झाला की जातो. मंग कवळीनं काई क्लॅरिनेट पकडता येत नाई."

क्लॅरिनेट वरच्या दातांवर टेकते. दात गेले की गुलाब बँडमधला गुलाब गेला, हे शालूला सांगायची गरज नव्हती. परतीच्या एसटीत तिनं ठरवलं, काही झालं तरी एकदा तरी लोकांनी बसून ऐकलं पाहिजे. घरी येऊन चप्पल काढायच्या आधी तिनं मनिषला धरलं.

"बाबा वाजवतीन तवा साऱ्यायनं चुपचाप बसून आइकलं पाहिजे. मले शब्द द्या."

"अवं, रसिक मंडळ आहे ते," मनिष हसला. "आइकाचंच तर काम करतो आम्ही. तू कायले टेन्शन घेऊन राहिली?"

सत्काराच्या दिवशी सभागृह भरलं. व्यासपीठाच्या मागे बॅनर. त्यावर इश्वरभाऊंचा हात जोडलेला मोठा फोटो, आणि खाली कोपऱ्यात, नीट वाकून पाहिलं तर, गुलाबचं नाव. बँडवाले लाल कोट घालून भिंतीला टेकून उभे होते. त्यांना खुर्च्या द्यायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण बँडवाला बसतो ही कल्पनाच कोणाला नव्हती.

मग भाषणं. इश्वरभाऊंनी गुलाबरावांच्या सनईचं तोंड भरून कौतुक केलं. गुलाबनं हातातल्या क्लॅरिनेटकडे एकदा पाहिलं आणि नजर समोर ठेवली. इश्वरभाऊ पुढे म्हणाले की ही सनई ऐकतच ते लहानाचे मोठे झाले. त्यानंतर मनिष उठला. त्यानं विलायतेतल्या पाच बँडांची नावं घेतली, कोण कधी फुटला ते सांगितलं, आणि गुलाब बँड अजून फुटला नाही याबद्दल अभिमान व्यक्त केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शालू पहिल्या रांगेत बसून ऐकत होती. एवढ्या बोलण्यात बाबांच्या वाजवण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. असणार कुठून? भाषण करायला ऐकावं लागत नाही, टाळ्यांसाठीसुद्धा लागत नाही.

शाल झाली, हार झाला, नारळ झाला. गुलाबच्या हातांत एवढं सामान कोंबलं की क्लॅरिनेट धरायला हात उरला नाही. शेवटी सूत्रसंचालकानं घड्याळ पाहिलं. "वेळेअभावी गुलाबरावांनी आता एक छोटीशी झलक सादर करावी, आणि मग आपण अल्पोपाहाराकडे वळू."

ढोलवाला संघपाल बँडात गुलाबच्या बरोबरीनं म्हातारा झालेला. त्यानं सवयीनं ढोलावर थाप मारली.

आणि सगळं सभागृह उभं राहिलं.

या जिल्ह्यात ढोल वाजला की वरात निघाली, एवढंच माणसाच्या पायांना कळतं. मग ते पाय रसिकाचे असोत की आणखी कोणाचे. खुर्च्या मागे सरकल्या, काळे टी-शर्ट मधल्या वाटेत उतरले, कोणी तोंडात रुमाल धरून नागिणीसारखा डोलायला लागला. इश्वरभाऊ व्यासपीठावर चढले आणि गुलाबच्या डोक्यावरून नोटा ओवाळायला लागले. मनिष दोन्ही हात वर करून नाचत होता. शब्द देताना हसला होता तसाच आताही हसत होता.

गुलाबनं हार-नारळ खाली ठेवून दोन ओळी वाजवल्या. मग त्यानं क्लॅरिनेट तोंडातून काढली आणि तसाच उभा राहिला.

कोणाला कळलं नाही. ढोल चालू होता, नाच चालू होता. ज्याचा सत्कार, तो वाजवायचा थांबला आहे हे भरल्या सभागृहात एकाही माणसाच्या कानावर गेलं नाही. बाबांचा ओठ दातांवरून हलत होता, एवढं शालूला दिसलं, आणि तिचं डोकं फिरलं. ती ताडकन उठली, व्यासपीठावर गेली आणि ढोलाच्या कातड्यावर हात ठेवला.

"काका, बंद करा."

संघपाल थांबला. लोक तरीही थोडा वेळ नाचतच राहिले, मग एकमेकांकडे बघत उभे राहिले. शालूनं माइक ओढून घेतला.

"बसा."

इश्वरभाऊ नोटा हातात धरून म्हणाले, "वहिनी, अवो, आनंदाचा प्रसंग..."

"तुमी पण बसा भाऊ. माहा बाप तुमाले नाचवाले नाई आला इथं. रसिक ना तुमी सारे? मंग दाखवा बसून."

मनिष खालून डोळ्यांनी खुणा करत होता. तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. लोक बसले, वर्गात ओरडा खाल्लेल्या पोरांसारखे चुळबुळत बसले. शालूनं अध्यक्षांची खुर्ची ओढून बापासमोर ठेवली. गुलाबनं शाल काढून संघपालच्या खांद्यावर टाकली, खुर्चीत बसला, पत्ती जिभेनं ओली केली आणि ढोलाशिवाय, एकट्यानं वाजवायला घेतलं.

पहिल्याच सुराला शालूनं धून ओळखली. तिच्या लग्नात गावातले लोक कुरकुरले होते, की नवरीच्या बापानं हात जोडून उभं राहायचं, बँड काय वाजवायचा. गुलाब म्हणाला होता, माह्या पोरीच्या लग्नात दुसऱ्याचा बँड कायले? आणि बिदाईच्या वेळी ढोल बंद करायला लावून तो एकटा जीपच्या बाजूनं चालत हीच धून वाजवत तलावाच्या पाळीपर्यंत आला होता. ती त्यानं स्वतः बांधली होती. पुन्हा कोणाच्या लग्नात वाजवली नाही. शालूनं शेवटपर्यंत मान खिडकीबाहेर ठेवली होती. शेजारी नवा नवरदेव फेटा सावरत बसला होता.

आता गुलाबनं ती सावकाश वाजवली. रस्त्यावर चालताना श्वास पुरत नाही म्हणून तेव्हा ज्या जागा त्यानं सोडल्या होत्या, त्याही आज घेतल्या. एका जागी सूर किंचित फाटला, दातानं दगा दिला असावा. त्यानं तीच जागा पुन्हा घेतली आणि नीट लावली. शालूचे डोळे वाहत होते आणि तिनं ते पुसले नाहीत. मागे वळून पाहिलं तर सभागृहात मोबाइल वर झाले होते. लोक गुलाबकडे पडद्यातून बघत होते. पण बसले होते, एवढं खरं.

धून संपली. ती संपली हे सांगायला ढोल नव्हता, त्यामुळे टाळी कोणी वाजवेना. मग इश्वरभाऊंनी वाजवली, मग सगळ्यांनी, आणि सगळे अल्पोपाहाराकडे पळाले.

मनिष व्यासपीठावर आला. त्याचे डोळे पाणावले होते. आपण किती हळवे आहोत याचंच त्याला भरून आलं होतं.

"शालू, काय जबरदस्त धून आहे! कोणत्या पिक्चरची? का बाबानं आजच्यासाठी नवीन बसवली?"

शालूनं त्याच्या टी-शर्टावरच्या कवटीकडे पाहिलं.

"आपल्या बिदाईची आहे," ती हळूच म्हणाली. "जीपच्या बाजूनं चालत वाजवली होती बाबानं. तुमी माह्याजवळ बसले होते."

मनिषचं तोंड उघडं राहिलं. "तवा लई गलका होता ना वं..."

"ढोल बंद होता. बाबा एकटेच वाजवून राहिले होते."

इश्वरभाऊंनी हाक मारली तशी सुटल्यासारखा मनिष समोशांकडे गेला.

गुलाब क्लॅरिनेटचे तुकडे एकेक करून पेटीत ठेवत होता. चेहरा घामानं डबडबलेला, पण हलका.

"बसले वं सारे," तो म्हणाला. "आइकलं ना त्यायनं?"

"हाव बाबा. साऱ्यायनं आइकलं."

"जवाईबापूनं ओळखली का?"

शालूनं खाली पडलेला नारळ उचलला.

"हाव. पहिल्या सुराले ओळखली."

"मले मालूमच होतं," गुलाब खुश होऊन म्हणाला आणि पेटीची कडी लावली. "सोताच्या लग्नातली धून माणूस इसरते का कई?"