गरम पाण्याच्या पिशवीची साखर

सभागृहात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. मंचावर कंपनीच्या मालकाने मनगटावर पट्टा चढवला आणि डोळे मिटून म्हणाला, "सुई नाही, रक्त नाही. शरीर स्वतःच बोलतं, आपण फक्त ऐकायचं." पडद्यावर त्याच्या रक्तातल्या साखरेचा आकडा उमटला. शेजारच्या पडद्यावर कंपनीच्या शेअरचा भाव चढत होता. लोकांनी दोन्हींना टाळ्या वाजवल्या.

पहिल्या रांगेतला औषध दुकानदार पुरता भारावला. मधुमेह असलेल्या थोरल्या बहिणीला त्याने पट्टा भेट दिला, तिची ठेव मोडून शेअरही घ्यायला लावले. दुकानात येईल त्याला तो पट्टा विकू लागला आणि शेअर घ्यायला सुचवू लागला. भाव चढतोय म्हणजे यंत्र खरंच असणार, असं जो तो म्हणू लागला.

ताईचा आकडा रोज छान यायचा. म्हणून तिने इन्सुलिन कमी केलं, पुढे बंदच केलं. एके दुपारी ती स्वयंपाकघरात कोसळली. दवाखान्यात रक्त तपासलं तर साखर भयंकर वाढलेली. पट्टा मात्र सगळं ठीक असल्याचंच दाखवत होता.

दुकानदाराची मुलगी शाळेत विज्ञान शिकवायची. तिने आत्याचा पट्टा गरम पाण्याच्या रबरी पिशवीला बांधला. आकडा आला, तोही अगदी निरोगी.

"बाबा, याला फक्त ऊब कळते," ती म्हणाली. "आकडा हा पट्टा आपण भरलेल्या वयावरून, वजनावरून आणि घड्याळावरून रचतो."

कंपनीच्या पुढच्या सभेत दुकानदार पट्टा बांधलेली पिशवी घेऊनच उभा राहिला. आकडा पाहून मालक अडखळला, मग म्हणाला, "पाण्यातही चैतन्य असतं." मागून कुणीतरी हसलं आणि बघता बघता सगळं सभागृह हसू लागलं. काही दिवसांत शेअर मातीमोल झाला. लोकांनी राग दुकानदारावर काढला. तो मान खाली घालून ऐकत राहिला आणि ज्यांना पट्टे विकले होते त्यांच्या घरोघरी जाऊन एकेकाची साखर बोट टोचून तपासत फिरला.

ताई वाचली, पण साखर वाढलेली असताना पायाला झालेली जखम चिघळून त्याची दोन बोटं गेली. तो माफी मागायला बसला तेव्हा तिने शांतपणे विचारलं, "बोट टोचायचं यंत्र तुझ्या फळीवरच होतं ना रे? एकदा ताडून का नाही पाहिलंस?"

चमत्कार मंचावरचा असो की बाजारातला, गर्दी, टाळ्या आणि चढता भाव यांनी काहीच सिद्ध होत नाही. इथे तर रक्ताचा एक थेंब पुरला असता.